प्रार्थना कीटकाचे रंग

पावसाळा सरत आला की आमच्या फुलसावंगीच्या शिवारात पऱ्हाटीवर, धुऱ्यावरच्या गवतात एक किडा दिसू लागतो. पुढचे दोन पाय जोडून तो नमस्कार करीत बसल्यासारखा वाटतो, म्हणून त्याला प्रार्थना कीटक म्हणतात. वस्तुतः ते पाय भक्ष्यावर झडप घालण्यासाठी रोखलेले असतात. मुले त्याला बरणीत ठेवून पाळतात. मग एके दिवशी घरात गलका होतो, "हिरवा होता, तपकिरी झाला! आजारी पडला की काय?" या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

पहिले कारण जातीचे. जगात या कीटकांच्या सुमारे २,४०० जाती ज्ञात आहेत. काही वाळक्या पानासारख्या असतात, तर आग्नेय आशियातील एक जात ऑर्किडच्या फुलासारखी पांढरी-गुलाबी असते. वंशाने जी मर्यादा घातली, तिच्या आतच रंग पालटतो. आपल्या शिवारातल्यासारख्या काही जातींत मात्र हिरवा आणि तपकिरी असे दोन्ही रंग संभवतात.

दुसरे कारण कात टाकण्याचे. किड्याचे कवच वाढत नाही. वाढायचे तर ते टाकावे लागते. पिलू मोठे होईपर्यंत साधारण सहा ते नऊ वेळा हे घडते, आणि रंगाचा पालट मुख्यतः याच वेळी दिसून येतो. त्या सुमारास हवा दमट व उजेड भरपूर असेल, तर अनेक जातींत हिरव्याकडे कल होतो. हवा कोरडी असेल तर तपकिरीकडे. हिरवे टोळ खाऊ घातले म्हणून किडा हिरवा होत नाही. आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात तर वणव्याने जळालेल्या माळावर काही जातींचे किडे कात टाकल्यावर काळे झालेले आढळतात.

याचा उपयोग काय? १९०४ साली सेस्नोला नावाच्या अभ्यासकाने इटलीतील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने ११० किडे रेशमी धाग्याने गवताला बांधले. हिरव्या गवतावरचे २० हिरवे आणि वाळल्या गवतावरचे २० तपकिरी सतरा दिवसांनंतरही जिवंत होते. वाळल्या गवतावरचे २५ हिरवे अकरा दिवसांत संपले; हिरव्या गवतावरच्या ४५ तपकिरींपैकी १० उरले. बहुतेकांना पाखरांनी टिपले. तात्पर्य, रंग हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून पाळणाऱ्यांनी रंगाला भिऊ नये. रात्री त्याचे डोळे काळे पडतात, तेही दुखणे नव्हे. सकाळी ते पूर्ववत होतात. खरी भीती कात टाकताना असते. तो उलटा लटकला की त्याला हात लावू नये. बरणी त्याच्या लांबीच्या निदान तिप्पट उंच असावी, आत काडी असावी, आणि कडेला पाण्याचा हलका शिडकावा असावा. हवा फार कोरडी झाली तर तो कातीत अडकून मरतो.

हा किडा अळ्या, टोळ खातो, तशा मधमाश्याही खातो. त्याला सर्वस्वी शेतकऱ्याचा मित्र म्हणता येणार नाही. परंतु सरसकट फवारणीत तो पहिल्या झटक्यात जातो. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसेही दगावली, हे आपण विसरलेलो नाही. वावरातला प्रत्येक किडा शत्रू नसतो, हे बरणीजवळ बसलेल्या मुलाला आज कळले, तर उद्या तो फवारा हाती घेण्यापूर्वी क्षणभर पाहील. आम्हांला एवढेच हवे आहे.