प्लेटलेट्स किती?

पावसाने उघडीप दिली की देहूरोडच्या हमरस्त्यावर पंक्चरवाल्याच्या दारातल्या जुन्या टायरमध्ये डोकावून बघा. साचलेल्या पाण्यात अळ्या वळवळत असतील. डोकं खाली, शेपटाकडची नळी पाण्याच्या वर, श्वास घ्यायला! त्यांतूनच पायांवर पांढरे पट्टे असलेली एडिस डासीण निघते. ती चावते दिवसाढवळ्या. तिच्या लाळेत डेंग्यूचा विषाणू असला, तर चार ते दहा दिवसांत अंग तापाने फणफणतं. रक्ततपासणी होते. त्यासाठीचे संच आपल्या पुण्यातच, १९५२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत बनतात आणि देशभर जातात.

मग जो तो विचारतो, “प्लेटलेट्स किती?”

गुडघा खरचटला की रक्त थांबवायला धावतात त्या या चकत्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात दीड ते साडेचार लाख! जगतात जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणून मोठ्या माणसाच्या हाडांतल्या मज्जेला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या चकत्या बनवाव्या लागतात. तिथे मेगाकॅरिओसाइट नावाची धिप्पाड पेशी असते. ती रक्तवाहिनीच्या भिंतीतून आपले लांब हात आत घालते, वाहत्या रक्तात त्या हातांचे तुकडे पडतात, आणि तुकडा म्हणजेच प्लेटलेट. आहे की नाही कमाल?

डेंग्यूत हा कारखाना मंदावतो. पांढऱ्या पेशीही घटतात. त्यातच शरीराची संरक्षक फौज गोंधळून आपल्याच प्लेटलेट्सचा फडशा पाडते.

पण खरी गंमत पुढेच आहे. १९६०च्या दशकात बँकॉकच्या डॉक्टरांनी रुग्णांची मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तापाच्या पहिल्या दिवसांत ती ओस पडलेली होती. रिपोर्टातला आकडा मात्र तळाला गेला तो नंतर, आणि तोवर मज्जा पुन्हा कामाला लागलेली! म्हणजे घरचे घाबरतात तेव्हा आत नवा माल तयार होत असतो. दोन दिवसांनी आकडा चढतो आणि शाबासकी मिळते पपईच्या पानांच्या रसाला.

डॉक्टरांची नजर मात्र आणखी एका आकड्यावर असते. ताप उतरतो त्याच सुमारास काहींच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं. ते किती दाट झालं हे हिमॅटोक्रिट सांगतो. म्हणून ताप गेल्यावर पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.