प्रकाश पानावर हवा

५ ऑगस्ट १९०५ रोजी बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे प्रथम उजळले. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले होते. तेथील वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली आणि तीन वर्षांनी ती या शहरात आली. तेव्हापासून घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : दिवा किती वॅटचा घ्यावा?

प्रश्न साधा, पण थोडा चुकलेला आहे. वॅट हे विजेच्या खर्चाचे माप होय. दिव्यातून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये, एका दिशेस तो किती तीव्र आहे ते कँडेलामध्ये, आणि पुस्तकाच्या पानावर प्रत्यक्ष किती पडतो ते लक्समध्ये मोजतात. डोळ्यांना प्रयोजन आहे ते या शेवटच्या मापाशी.

साध्या मेणबत्तीची तीव्रता सुमारे १ कँडेला असते. एक मीटर अंतरावर तिचा प्रकाश १ लक्स पडतो. अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो व चतुर्थांश उरतो. म्हणून हिशेब असा : हवे तितके लक्स घ्यावेत आणि मीटरमधील अंतराच्या वर्गाने गुणावे; आवश्यक कँडेला मिळतात.

सहज वाचनास सुमारे १५० लक्स पुरतात. दीर्घ अभ्यासास ३०० लक्स असावेत. दिवा पानापासून अर्ध्या मीटरवर ठेवला, तर ३०० गुणिले ०.२५ म्हणजे ७५ कँडेला लागतील. शेड बसवून हा प्रकाश खालच्या बाजूस सर्वत्र सारखा पसरविला, तर या संख्येस ६.२८ ने गुणावे. सुमारे ४७० ल्युमेन येतात. वॅटमागे १०० ल्युमेन देणारा पाच वॅटचा एलईडी दिवा त्यास पुरेसा होतो. तोच दिवा दोन मीटर उंचीवर टांगला, तर सोळापट, म्हणजे सुमारे ७५ वॅट लागतील. पांढऱ्या भिंती काही प्रकाश परत देतात, त्यामुळे प्रत्यक्षात गरज थोडी कमी भरते. पण फरक लहान नाही.

जेथे वीज सौर पत्र्यातून व बॅटरीतून येते, तेथे या फरकावर सारे अवलंबून असते. पाच वॅटचा दिवा गरीब कुटुंबास झेपतो. पंच्याहत्तर वॅटचा झेपत नाही. १९९५ साली बेंगळुरात स्थापन झालेल्या सेल्को या कंपनीने अशा घरांत सौर दिवे पोहोचविले. तिचे सहसंस्थापक हरीश हांडे यांना २०११ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हिशेबाची दुसरी बाजू म्हणजे स्वतः डोळा. पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास प्रकाश असतो, तर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स. डोळा दोन्हींशी जुळवून घेतो. चांदण्यात वाट दिसते, परंतु बारीक अक्षरे लागत नाहीत. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही या विषयाची ओढ होती. बेंगळुरात राहून त्यांनी उतारवयात दृष्टीचा अभ्यास केला व १९६८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

वयाचाही विचार करावा लागतो. विशीतील डोळ्यांच्या मानाने साठीतील डोळ्यांच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. नातवास लख्ख वाटणाऱ्या दिव्याखाली आजोबा वर्तमानपत्र खिडकीशी नेतात, तो त्यांचा हट्ट नव्हे. त्यांच्याजवळ वेगळा दिवा असावा.

तेव्हा मोठा दिवा आणण्यापूर्वी आहे तोच दिवा जवळ आणून पाहावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या तो डाव्या बाजूस असावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. आणि त्याचा झोत डोळ्यांत जाऊ नये. छत उजळून पान अंधारात राहिले, तर तो खर्च व्यर्थच.