सर्पगंधा आणि सर्पविष

सर्पदंशावर उतारा म्हणून सर्पगंधेची मुळी उगाळून देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मुळींत गुण नाहीं असें नव्हे. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढें मांडला. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. परंतु रक्तदाब उतरविणें निराळें, विष उतरविणें निराळें. भिनलेलें विष निकामी करतें तें घोड्याच्या रक्तापासून तयार केलेलें प्रतिविषच. विषारी साप प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं; असा रोगी आपोआप वांचतो आणि यश मात्र मुळीला मिळतें. म्हणून दंश होतांच मुळी शोधण्यांत वेळ न दवडतां, दंशाचा अवयव न हलवितां, रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें.