टायरची हवा आणि स्टिअरिंग

बार्शीहून सोलापूर, तुळजापूरकडे निघण्यापूर्वी एवढे पाहाच :

• हवा कमी : स्टिअरिंग जड होते, वळणावर गाडी उशिरा वळते. टायरच्या दोन्ही कडा झिजतात.

• हवा जास्त : स्टिअरिंग हलके लागते, पण खडबडीत रस्त्यावर गाडी उडते. टायर मधोमध झिजतो.

• पुढच्या टायरांत कमी-जास्त हवा : गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते.

• टायरवर लिहिलेले १८५/६५ आर १५ म्हणजे : रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. बाजू बुटकी असेल तर स्टिअरिंग चपळ, पण खड्ड्यांचे धक्के जास्त.

• उन्हाळ्यात तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका. दाब सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोच पाळा.