स्वस्त डिझेल येतं कुठून?
तेलचोरी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी मुंबईतल्या तुर्भ्यात टँकरकडे कुणी वळून पाहत नाही, इतकी त्यांची सवय झालेली आहे. एकीकडे टीटीसीची औद्योगिक वसाहत, दुसरीकडे एपीएमसीचा बाजार आणि ट्रकांच्या रांगा. वाशी-तुर्भे पट्ट्यातच हिंदुस्थान पेट्रोलियमचं टर्मिनल आहे आणि त्याच कंपनीची मुंबई-पुणे-सोलापूर तेलवाहिनी या भागातून पुढे घाटावर जाते. तेल जिथे साठतं आणि वाहतं, तिथे तेलचोरीच्या गप्पाही रंगतात. त्यांतल्या बऱ्याच गप्पा ऐकीव असतात.

गैरसमज १ : तेलचोरी नायजेरियात होते. आपल्याकडे चोरण्याइतकं तेल आहेच कुठे?

वस्तुस्थिती : आपण गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल आयात करतो हे खरं. पण १९७४ साली मुंबई हायला तेल सापडलं आणि तिथलं तेल समुद्राखालच्या वाहिनीने उरणला येतं, हेही तितकंच खरं. फरक आहे तो चोरीच्या मालात. नायजेरियात नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात प्रामुख्याने कच्चं तेल चोरलं जातं. काही जहाजांतून बाहेर जातं, तर काही जंगलातल्या भट्ट्यांवर उकळून त्याचं डिझेल काढतात. एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या इमो राज्यात अशाच एका बेकायदा रिफायनरीत स्फोट होऊन शंभरावर माणसं गेली. आपल्याकडे प्रामुख्याने तयार माल चोरीला जातो. तो उकळावा लागत नाही, थेट गाडीच्या टाकीत ओतता येतो. म्हणूनच तो पटकन खपतो आणि पटकन पचतो.

गैरसमज २ : ही मोठ्या टोळ्यांची कामं. टँकरमधलं पाच-पन्नास लिटर इकडेतिकडे होणं म्हणजे चोरी नव्हे, ती ‘घट’.

वस्तुस्थिती : घट खरीच असते आणि नेमकी तीच चोराच्या पथ्यावर पडते. टँकरच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात. डेपोतून निघताना त्यांना सील लागतं आणि पंपावर पोचल्यावर कप्प्यात दांडा बुडवून ‘डीप’ बघतात. आता पेट्रोल उन्हात फुगतं आणि गारव्यात आकसतं. एका अंशाला साधारण ०.१ टक्का. म्हणजे १२,००० लिटर पेट्रोल १० अंशांनी थंड झालं, तर कुणी हात न लावताही मापात सव्वाशे लिटरच्या आसपास फरक दिसू शकतो. वाटेत एखाद्या ढाब्यामागे दोन कॅन उतरवले, की तो फरकही याच हिशेबात ढकलता येतो. यावर उपाय आहे : मोजलेलं आकारमान १५ अंश तापमानाला आणून ताडून पाहायचं. खरी घट या हिशेबात बसते आणि काढून घेतलेलं तेल उघडं पडतं. अट एवढीच, की तपासणाऱ्याने कंटाळा करू नये.

गैरसमज ३ : वाहिनीला भोक पाडलं, की कंपनीला लगेच कळतं.

वस्तुस्थिती : मोठी गळती लगेच कळते, कारण दाब घसरतो. पण थोडं थोडं काढलेलं तेल मोजमापाच्या फरकात लपू शकतं. म्हणून वाहिनीलगतच्या ऑप्टिकल फायबरवरून खोदकामाची कंपनं टिपतात, वाहिनीच्या आतून ‘पिग’ नावाचं तपासणी-यंत्र सोडतात आणि जमिनीवरून लाइनवॉकर पायी फिरतात. तरीही काही खुणा शेजाऱ्यालाच आधी दिसतात : वाहिनीच्या पट्ट्यात ताजी उकरलेली माती, कारण नसताना भाड्याने घेतलेली शेड, रात्री येणारा टँकर, विहिरीच्या पाण्याला येणारा वास.

गैरसमज ४ : डिझेल काही लगेच पेटत नाही. सांडलेलं दोन बादल्या भरून घेतलं तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती : एकाच वाहिनीतून पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल आळीपाळीने वाहतं. वाहिनीवर चोरून बसवलेली झडप उघडणाऱ्याच्या हाती डिझेलऐवजी पेट्रोलही येऊ शकतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, गटारातून आणि नाल्यातून सरपटत लांबच्या चुलीपर्यंत पोचते. नैरोबीच्या सिनाई झोपडपट्टीत सप्टेंबर २०११ मध्ये वाहिनीतून गळलेलं पेट्रोल सांडपाण्याच्या गटारात आलं, लोक ते भरायला धावले आणि शंभराच्या आसपास माणसं जळून गेली. जून २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ उलटलेल्या टँकरभोवती दोनशेहून अधिक माणसं मेली. मेक्सिकोत त्लावेलिल्पान इथे १८ जानेवारी २०१९ रोजी चोरांनी फोडलेल्या वाहिनीवर कॅन घेऊन जमलेल्या गर्दीतले १३७ जण दगावले. या गर्दीतले बहुतेक जण चोर नव्हते, साधे गावकरी होते. तुर्भ्यासारख्या ठिकाणी नाला, झोपड्या आणि कारखाने एकमेकांना खेटून आहेत. तिथे हे वाचून सोडून देता येणार नाही.

गैरसमज ५ : भुरटी चोरी आहे. यात कुणाचा जीव जात नाही.

वस्तुस्थिती : २५ जानेवारी २०११. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडी परिसरातून चालले होते. तेल कंपन्यांचे डेपो याच भागात आहेत. एका ढाब्याजवळ टँकरचा संशयास्पद प्रकार दिसला म्हणून ते थांबले. भरदिवसा त्यांना रॉकेल ओतून जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. या हत्येनंतर राज्यभर छापे पडले आणि शेकडो माणसं ताब्यात घेतली गेली. ढाब्यामागच्या दोन कॅनच्या धंद्यात एवढा पैसा होता, की त्यासाठी एका अधिकाऱ्याचा जीव घ्यायलाही लोक कचरले नाहीत.

गैरसमज ६ : पकडले तरी दोन दिवसांत सुटतात. आणि आमच्या शेतातून वाहिनी गेली म्हणजे जमीन कंपनीची, आमचा काय संबंध?

वस्तुस्थिती : पेट्रोलियम वाहिन्यांसाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. २०११ च्या दुरुस्तीने तो कडक झाला. वाहिनीशी छेडछाड आणि त्यातून चोरी यांना ३ ते १० वर्षं सक्तमजुरी आहे आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. घातपाताचा हेतू असेल, तर शिक्षा जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाते. जमिनीबाबत सांगायचं, तर या कायद्याने कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो, मालकी शेतकऱ्याचीच राहते. त्या पट्ट्यात पीक घेता येतं, मात्र बांधकाम, विहीर किंवा झाडं चालत नाहीत. तिथे शेड उभी राहिली, तर पोलीस पहिला प्रश्न जमीनमालकालाच विचारतील.

गैरसमज ७ : नुकसान कंपनीचं. आपल्याला स्वस्तात मिळालं तर बरंच.

वस्तुस्थिती : झडपेतून झिरपलेलं तेल मातीत आणि भूजलात उतरतं. विहीर एकदा बिघडली, की वर्षानुवर्षं वापरता येत नाही. शिवाय चोरीच्या तेलाची घट भरून काढायला भेसळ होते आणि इंजिनाचा खर्च गाडीमालकाच्या गळ्यात पडतो. पंपावर शंका आली, तर फिल्टर पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे. पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहता कामा नये. ५ लिटरच्या मापाने मोजूनही घेता येतं.

चोरलेलं तेल चोर घरात साठवून ठेवत नाही, त्याला लगेच गिऱ्हाईक लागतं. बिनपावतीचं डिझेल घेणारा ट्रकमालक, जनरेटरवाला किंवा ठेकेदार हाच या धंद्याचा खरा पाया आहे. तेव्हा पावतीशिवाय तेल घेऊ नका. वाहिनीच्या पट्ट्यात खोदकाम दिसलं किंवा तेलाचा वास आला, तर जवळ जाऊ नका, फोटो काढत थांबू नका, गाडी सुरू करू नका. लांब जाऊन ११२ वर किंवा वाहिनीच्या खांबावर लिहिलेल्या क्रमांकावर कळवा.