उठल्या उठल्या एक डाव

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आली, टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन उतरलं आणि सगळी चर्चा बुडालेल्या पैशांची झाली. कायद्याने हातही न लावलेल्या बिनपैशांच्या, पाच मिनिटांच्या खेळांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बहुतेकांच्या मोबाइलवर तर तेच असतात. सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेल्या माणसाच्या अंगठ्याखाली कँडी क्रश असतं, नाहीतर आपल्या नवी मुंबईतच तयार झालेला लुडो किंग. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘झोप उडते हो जरा.’

उडते का? डोळे उघडले म्हणजे मेंदू उठला, असं नसतं. या मधल्या गुंगीला शास्त्रज्ञ ‘स्लीप इनर्शिया’ म्हणतात. अमेरिकेत केनेथ राइट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काही जणांना पुरेशी झोप देऊन उठवलं आणि लगेच दोन आकडी बेरजा करायला लावल्या. रात्रभर जागलेल्या माणसाला जमतील तेवढ्याही त्यांना जमल्या नाहीत. सर्वांत वाईट अवस्था पहिल्या दहाएक मिनिटांत ओसरली, पण तिचा माग दोन तासांपर्यंत लागत होता.

ही नुसती प्रयोगशाळेतली गंमत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान टेबलटॉप धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ माणसं गेली. चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होती. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण साधारण दोन तासांचं. त्यात सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, घोरणंसुद्धा ऐकू येतं. उतरण्याच्या सुमारास ते जागे झाले. विमान फार उंचावर होतं. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर न्या, असं तीनदा सांगितलं. तरीही कॅप्टननी विमान खाली नेलंच. मोडता न आलेला तो हट्ट हे मुख्य कारण ठरलं आणि त्यामागे झोपेतून उठल्यावरची गुंगी असू शकते, असं अहवालाने नोंदवलं. ‘गोंधळलेला माणूस थांबेल’ असं आपण धरून चालतो. गुंगीतला माणूस मात्र हातात घेतलेलं पुढेच रेटतो.

त्याचं कारण मेंदूच्या जागं होण्याच्या क्रमात सापडतं. मेंदूचा तळ आणि आतला भाग आधी जागा होतो. कपाळामागचा भाग, जो बेत आखतो, आवर घालतो, ‘आता पुरे’ म्हणतो, तो सर्वांत शेवटी. पांघरुणात, एक डोळा मिटून, स्क्रीनचा उजेड कमी करून आपण खेळ उघडतो, तेव्हा खेळ थांबवणारा अजून उठलेलाच नसतो. पाच मिनिटांची चाळीस होतात ती अशी. याला आळशीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून माझं मत असं, की उठण्यासाठी खेळायचंच असेल तर ज्याला स्वतःचा शेवट आहे तोच खेळ निवडावा. जोश वॉर्डलचं वर्डल घ्या: पाच अक्षरं, सहा संधी, दिवसाला एकच शब्द. सुटला किंवा हरलात की दुकान बंद, उद्या या. कँडी क्रशमध्येही पाच जीव असतात, एक गेला की परत मिळायला अर्धा तास. पण तो लगाम खेळणाऱ्याच्या भल्यासाठी नाही, वाट न बघवणाऱ्याला जीव विकत घ्यायला लावण्यासाठी आहे. अलार्मी हे कोरियन ॲप उलट्या बाजूने येतं: गणित सोडवल्याशिवाय गजर बंदच होत नाही. राइटच्या बेरजाच म्हणा ना! मला हा प्रकार दुष्ट वाटतो, पण प्रामाणिकही.

‘कामाचा मूडच लागत नाही’ यावरही हाच उतारा सुचवला जातो. नैराश्यावरच्या उपचारांत एक जुनी, कसाला उतरलेली पद्धत आहे. मन लागायची वाट बघू नका, छोटी कृती आधी करा, उत्साह मागून येतो. फक्त ती कृती कामाच्या दिशेची हवी. तीन लेव्हल पार केल्यावर हात हलतो खरा, पण चटाचट फुटणाऱ्या रंगीत गोळ्यांनंतर जीएसटीचं विवरणपत्र आणखीच बेचव लागतं. त्यापेक्षा फाइल उघडून पहिल्या रकान्यात आकडा टाकलेला बरा.

एक्स्प्रेस वेवरच्या फूड मॉलपाशी गाडीत डुलकी काढून, मोबाइलवर दोन डाव खेळून ‘फ्रेश’ होणाऱ्यांना मात्र काही सूट देता येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी तोड आहे, आणि ती लफबरो विद्यापीठात लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी १९९७ मध्ये पेंगुळलेल्या चालकांवर तपासली होती. कॉफी डुलकीनंतर नाही, आधी प्यायची. मग पंधरा मिनिटांच्या आत संपेल अशी डुलकी. कॅफीन अंगात भिनायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर डुलकी उरकलेली असते.