लांबट दिसलं म्हणजे साप नव्हे



पाऊस लागला, चिखलणी सुरू झाली, की कोयनेच्या खोऱ्यात खाचरातून, बांधाखालून, शेणखताच्या खड्ड्यातून लांबट जीव वर येतात. "साप, साप" अशी हाक उठते आणि काठी पडते. त्यातले कितीतरी जीव साप नसतातच. म्हणून आज आपण बघू, कोणता जीव कोणाच्या कुळातला हे शास्त्रज्ञ कसं ठरवतात आणि ते आपल्याला माहीत असलेलं का बरं.

चार जीव घेऊ. गांडूळ, देवगांडूळ, वाळा आणि वाम. चौघेही लांब, चौघांनाही पाय नाहीत. दिसण्यावरून टोपली भरायची तर चौघे एकाच टोपलीत जातील. पण शास्त्रज्ञ दिसण्यापेक्षा शरीराची घडण बघतात.

पहिली खूण पाठीच्या कण्याची. गांडुळाला कणा नाही, एकही हाड नाही. ते वलयी प्राण्यांच्या संघात गेलं. बाकी तिघांना कणा आहे, म्हणजे ते आपल्या, गाईच्या, कोंबडीच्या बाजूचे. आता त्या तिघांत फरक बघा. वाम पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेते, तिला पर आहेत, म्हणून ती मासा. वाळ्याच्या अंगावर बारीक, कोरडे, चकचकीत खवले असतात आणि तो दुभंगलेली जीभ बाहेर काढतो. तो खराच साप, पण बिनविषारी. मुंग्या-वाळवीची अंडी खाऊन राहतो. देवगांडुळाची कातडी मात्र ओलसर असते, बेडकासारखी, आणि अंगावर गांडुळासारखी वलयं असतात. तो उभयचर, म्हणजे बेडकाचा भाऊबंद. मातीत राहतो, किडे आणि गांडुळं खातो, माती भुसभुशीत करतो. माणसाला त्याचा काही धोका नाही.

हे देवगांडूळ आपल्याच मुलखाचं भूषण आहे. कोयनानगरजवळच्या हुंबरळीत सापडलेल्या देवगांडुळाच्या एका जातीची २००४ साली शास्त्रज्ञांनी जगाला नव्याने ओळख करून दिली. तिच्या शास्त्रीय नावात महाराष्ट्राचं नाव आहे: इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस. आपण साप समजून ज्याला ठेचतो, तो असा दुर्मीळ जीव असू शकतो.

आता नावाचं बघू. आपण पत्ता लिहितो तेव्हा देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि मग घर असं लिहितो. जिवांचा पत्ताही असाच असतो: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. जितकं खाली उतरावं तितकं नातं जवळचं. शास्त्रीय नावात शेवटचे दोन शब्द येतात, प्रजातीचा आणि जातीचा. अठराव्या शतकात स्वीडनच्या लिनियसने ही दोन शब्दांची पद्धत रूढ केली. गावोगाव एकाच जिवाला वेगळी नावं असतात, म्हणून ती उपयोगी पडते.

पत्ता चुकला तर दुरुस्तही होतो. कोयनेच्या परिसरातल्या एका भेकाची नोंद १९६३ साली झाली, तेव्हा त्याला नेहमीच्या भेकांच्या प्रजातीत, बुफोत, घातलं होतं. पुढे त्याची आणि आंबोलीच्या एका भेकाची घडण आणि आनुवंशिक नातं तपासलं गेलं, तेव्हा हे दोघे वेगळ्याच घरचे ठरले. २००९ साली त्यांच्यासाठी झँथोफ्रायने ही नवी प्रजाती केली. त्यांचं सारं घराणं सह्याद्रीच्या या पट्ट्यातच आहे. इथलं पाणी, कातळ आणि झाडी गेली तर त्यांना दुसरं माहेर नाही.

आता पत्त्यातली सगळ्यात वरची ओळ, सृष्टी. अमेरिकेतल्या व्हिटाकर यांनी १९६९ साली सगळे जीव पाच सृष्टींत मांडले. शाळेत मुलं आजही तेच शिकतात. पहिली मोनेरा, म्हणजे जिवाणू. आपलं विरजण लावतात तेच. दुसरी प्रोटिस्टा, यातला एक जीव डासातून येऊन हिवताप करतो. तिसरी कवकं, म्हणजे बुरशी, पावाचं यीस्ट आणि पावसात उगवणारी अळंबी. अळंबी जमिनीतून उगवते, पण ती झाड नाही. तिच्यात हरितद्रव्य नाही, तिला स्वतःचं अन्न करता येत नाही. चौथी वनस्पती, पाचवी प्राणी. विषाणू या पाचांपैकी कशातच बसत नाहीत, कारण दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय ते वाढू शकत नाहीत.

मैत्रिणींनो, औषधपाण्याचा हिशेब इथेच लागतो. लेप्टोचा ताप जिवाणूचा. उंदराच्या मुतातून तो खाचरातल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. त्यावर प्रतिजैविक चालतं. म्हणून लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, की अंगावर काढू नका. आरोग्य केंद्रात जा आणि पाण्यात काम केल्याचं आवर्जून सांगा. साधी सर्दी विषाणूची, तिच्यावर तीच गोळी काही करत नाही. गजकर्ण बुरशीचं. त्यावर दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं, तर खाज थांबल्यासारखी वाटते आणि चट्टा मात्र पसरत जातो. शत्रू कोणत्या सृष्टीतला हे कळल्याशिवाय योग्य औषध मिळत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हेही याच मातीत आहेत. ओळख पटली नाही तर हात लावू नका, काठीही उचलू नका. मागे सरा आणि त्याला जाऊ द्या. चावा झालाच, तर मंत्र-उतारा न करता थेट दवाखाना गाठा.

येत्या बचत गटाच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीने घरात, गोठ्यात, शेतात दिसणारे पाच जीव सांगायचे आणि सगळ्यांनी मिळून ते पाच सृष्टींत मांडायचे. दही, बुरशी आणि अळंबी कुठे बसवायची यावर वाद होईल. होऊ द्या. शाळेत जाणाऱ्या पोरींनाही त्यात बसवा.